विद्यापीठ परदेशाशी जोडले जाते ते कसे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही अंकांत उच्च शिक्षणावरील प्रश्नांना उत्तरे देताना विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कामाचा उल्लेख वारंवार आला आणि त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. मी स्वतः एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात काही वर्षे काम केले असल्याने या विषयाबद्दल मला आस्था आहे, आणि काही ठाम मतेही आहेत. वाचकांनी ती मते म्हणूनच वाचावीत.

प्रश्न : अमेरिका आणि जर्मनीतील विद्यापीठांत मराठीचा अभ्यास होतो असे नेहमी ऐकतो. त्यांना मराठीशी काय देणेघेणे? हे सुरू कसे झाले? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण एखाद्या विद्यापीठाचा परदेशविषयक अभ्यास कसा वाढतो, हे समजून घेण्यासाठी मराठीइतके जवळचे उदाहरण आपल्याला दुसरे सापडणार नाही.

अमेरिकेत दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा पहिला स्वतंत्र विभाग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४८ मध्ये उभा राहिला. तो उभारणारे डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन हे संस्कृतचे पंडित होते आणि मिशनरी वडिलांमुळे त्यांचे बालपण भारतात गेले होते. तोपर्यंत पाश्चात्त्य विद्यापीठांत भारत म्हणजे मुख्यतः संस्कृत ग्रंथ, असे समीकरण होते. आजच्या भारतीय भाषा, खेड्यातले व्यवहार, जाती, राजकारण आणि इतिहास हे सारे एका छताखाली शिकवावे, हा विचार नवा होता. त्याला सरकारी बळ मिळाले ते मात्र भारतावरील प्रेमापोटी नव्हे. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला, त्याचा अमेरिकेने धसका घेतला आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. या कायद्यान्वये ज्या परकीय भाषा आपल्याकडे फारसे कोणी शिकत नाही, त्या शिकवण्यासाठी विद्यापीठांना केंद्रे आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. या व्यवस्थेचा लाभ हिंदी, तमिळ, बंगालीबरोबर मराठीलाही झाला.

ग्रंथालयांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली अमेरिकेने भारताला जो गहू विकला, त्याची किंमत रुपयांत घेतली जात असे. रेशनवरचा ‘मिलो (अमेरिकी ज्वारी) आणि लाल गहू’ आठवणाऱ्या पिढीला हा कायदा सांगावा लागत नाही. त्या रुपयांचा एक वाटा भारतीय पुस्तके विकत घेण्यासाठी ठेवण्यात आला, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९६२ मध्ये दिल्लीत त्यासाठी कार्यालय उघडले, आणि आपल्याकडे छापलेली कादंबरी, कवितासंग्रह, नियतकालिके आणि अगदी छोट्या गावातल्या प्रकाशकांच्या पुस्तिकाही पेट्यांत भरून अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत जाऊ लागल्या. पुढे एखाद्या विद्यार्थ्याला मराठी साहित्यावर प्रबंध लिहावासा वाटला, तेव्हा पुस्तके त्याच्या आधीच कपाटात येऊन बसली होती. मी या तपशिलावर रेंगाळतो आहे, कारण आपल्याकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या योजना आखताना ग्रंथालयाचा विचार शेवटी येतो किंवा येतच नाही.

या सगळ्यात पुण्याचा वाटा मोठा होता. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने डेक्कन कॉलेजने भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरे भरवली. त्यांत अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ शिकवायला येत आणि भारतातले तरुण अध्यापक शिकायला येत. अशोक केळकरांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर डॉक्टरेट मिळवली आणि पुढे डेक्कन कॉलेजातच अध्यापन केले. १९६१ मध्ये अनेक अमेरिकी विद्यापीठांनी मिळून भारत-अभ्यासासाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. नॉर्मन ब्राऊन तिचे अध्यक्ष होते आणि भारतातील तिचे पहिले मुख्यालय डेक्कन कॉलेजच्या आवारातच होते.

अशा व्यवस्थेतून माणसे घडली. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला. त्या काळी भारतीय विद्यापीठांतही या विषयाकडे फार थोड्यांचे लक्ष होते. मॅक्सिन बर्नसन भाषेचा अभ्यास करण्यासाठी फलटणला गेल्या, तेथील बोलीत समाजागणिक कोणते भेद पडतात याचा त्यांनी अभ्यास केला, आणि मग त्या फलटणकरच झाल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली आणि फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. तेथील ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची उपासना यांसाठी आयुष्याची कित्येक वर्षे जेजुरीपासून माणदेशापर्यंत पायपीट केली. अॅन फेल्डहाउस यांनी महानुभाव ग्रंथांचा अभ्यास केला आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रकाशित झाला. आज घरी बसून आपण मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात शब्द शोधतो, ती सोय शिकागो विद्यापीठाने करून दिली आहे.

यातून मिळालेले ज्ञान कोणाच्या राजकीय गरजेपोटी सुरू झाले, हा प्रश्न आपण विचारावा आणि तो योग्यच आहे. माझे उत्तर असे की, पैसा भीतीपोटी आला असला तरी काम त्या भीतीच्या पलीकडे गेले, कारण ते करणाऱ्यांनी भाषा शिकण्याचे कष्ट टाळले नाहीत. मात्र सरकारी पैशावर उभ्या असलेल्या अशा कामाला धोकाही तेथूनच असतो. अमेरिकी शिक्षण खात्यात हे कार्यक्रम सांभाळणाऱ्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना मार्च २०२५ मध्ये कमी करण्यात आले, तेव्हा कमी विद्यार्थी असलेल्या भाषांच्या वर्गांना त्याची झळ सर्वांत आधी पोहोचणार, हे उघड आहे. मराठी त्यांपैकीच एक आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कक्ष स्थापन झाला असून त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वर्षभरात पाच परदेशी संस्थांशी सामंजस्य करार करावेत, असे सांगण्यात आले आहे. सुरुवात कोठून करावी? (एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय ठेवावे असे सांगितले. तेव्हापासून असे कक्ष गावोगाव निघाले आहेत. ही चांगली गोष्ट आहे, परंतु कराराची संख्या हे उद्दिष्ट ठरले की काम तेथेच थांबते. मी ज्या कक्षात रुजू झालो, तेथील एका कपाटात जुन्या करारांच्या फायली होत्या. बहुतेकांची पाच वर्षांची मुदत संपून गेली होती आणि त्या मुदतीत एकही विद्यार्थी गेला किंवा आला नव्हता. स्वाक्षरीच्या दिवशीची छायाचित्रे मात्र प्रत्येक फायलीत होती. त्या फायली पाहून मला फार वाईट वाटले होते, कारण त्यांतल्या एकदोन संस्था खरोखरच आपल्याला उपयोगी पडल्या असत्या.

म्हणून माझी विनंती आहे की, कोणाशी करार करावा हे ठरवण्याआधी, आपल्याकडे असे काय आहे ज्यासाठी परदेशातल्या अभ्यासकाला आपल्याच दारी यावे लागेल, हे शोधा. आपण सातारा जिल्ह्यात आहात. डिसेंबर १९६७ मधला कोयनेचा भूकंप आणि धरणाच्या जलाशयाशी असलेला त्याचा संबंध जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ जाणतात, आणि त्याच अभ्यासासाठी केंद्र सरकारने कराडला खोल विंधनविवरांची प्रयोगशाळा उभारली आहे. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र विभागातील एखादे अध्यापक या विषयांवर काम करीत असतील, तर त्यांनी ज्यांचे शोधनिबंध वाचले आहेत त्या परदेशी अभ्यासकाला एक पत्र लिहावे. दोन अभ्यासकांचा पत्रव्यवहार, मग एकाची भेट, मग दोघांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेले पंधरा दिवसांचे क्षेत्रकार्य, आणि त्यानंतर करार, असा क्रम असेल तर करार जिवंत राहतो. पाचांऐवजी एकच झाला तरी हरकत नाही. वरिष्ठांना हे पटवणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तरीही पहिल्या वर्षाच्या अहवालात एका पाहुण्या अभ्यासकाने घेतलेली चार व्याख्याने आणि आपल्या दहा विद्यार्थ्यांनी केलेले क्षेत्रकार्य मांडता आले, तर ते पाच स्वाक्षऱ्यांपेक्षा वजनदार ठरते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट भाषेची आणि प्रदेशाच्या अभ्यासाची. परदेशाशी नाते जोडायचे म्हणजे आपले विद्यार्थी तिकडे पाठवायचे, एवढाच अर्थ आपण घेतला आहे. तो देश समजून घेणारी माणसे आपल्याकडे तयार व्हावीत, ही बाजू दुर्लक्षित राहिली. ती पूर्वी इतकी दुर्लक्षित नव्हती. दिल्लीत १९५५ मध्ये हृदयनाथ कुंझरू आणि ए. अप्पादोराय यांच्या प्रयत्नांतून आंतरराष्ट्रीय अभ्यासाची जी संस्था सुरू झाली, ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली आणि देशातील अशा अभ्यासाचे प्रमुख केंद्र बनली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये आफ्रिका-अभ्यासाचे केंद्र काढले, कारण पूर्व आफ्रिकेशी मुंबईचा व्यापार आणि माणसांची ये-जा शतकानुशतकांची आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज भाषेचा विभाग आहे आणि त्याचे महत्त्व आपल्याला कळायला हवे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली, ती ही भाषा येत होती म्हणूनच. आजही शिवकाळावर काम करू इच्छिणाऱ्या किती मराठी विद्यार्थ्यांना पोर्तुगीज, डच किंवा फारसी वाचता येते? आपल्याकडे जर्मन आणि जपानी शिकणाऱ्यांची संख्या नोकरीच्या संधींमुळे वाढली आहे आणि त्यात गैर काही नाही, परंतु नोकरीच्या पलीकडे त्या देशाचा इतिहास, कायदा, शेती, समाज यांचा अभ्यास करणारे त्यांतून फार थोडे निघतात. आपल्या कक्षाने अशा दोन विद्यार्थ्यांना जरी हाताशी धरले, तरी मी ते मोठे काम मानीन.

प्रश्न : माझ्या मुलीने अभियांत्रिकीसाठी अर्ज केलेल्या एका खासगी संस्थेच्या माहितीपत्रकात ‘ट्विनिंग’, ‘संयुक्त पदवी’ आणि ‘दुहेरी पदवी’ असे शब्द आहेत. त्यांत फरक काय, आणि फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२२ च्या नियमांत या तिन्हींचा अर्थ स्पष्ट केलेला आहे. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच असते आणि विद्यार्थी काही भाग परदेशी संस्थेत शिकतो, परंतु तेथे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाहीत. संयुक्त पदवीचा अभ्यासक्रम दोन्ही संस्था मिळून आखतात, प्रत्येकीकडून किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि दोन्ही संस्थांची मुद्रा असलेले एकच प्रमाणपत्र मिळते. दुहेरी पदवीत एकाच विषयातील एकाच स्तराच्या दोन पदव्या दोन संस्थांकडून स्वतंत्रपणे मिळतात, आणि तेथेही किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेतून मिळवणे आवश्यक आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत, आणि परदेशी संस्थेचे केवळ नाव वापरून शिकवणी चालवण्याची फ्रँचायझी व्यवस्था त्यांत बसत नाही.

असा अभ्यासक्रम आयोगाची पूर्वपरवानगी न घेता चालवायचा असेल, तर या नियमांनुसार भारतीय संस्थेला ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेचे चारपैकी किमान ३.०१ गुण असावे लागतात, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरांत असावी लागते, किंवा तिला केंद्र सरकारने दिलेला ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ (श्रेष्ठ संस्था) हा दर्जा असावा लागतो. परदेशी संस्था ‘क्यूएस’ किंवा ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ यांनी लावलेल्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या एक हजारांत असावी लागते. हे दोन्ही आपण स्वतः संकेतस्थळांवर तपासू शकता.

माहितीपत्रकावर विसंबू नका. संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा. पहिली, पदवी नेमकी कोण देणार आणि प्रमाणपत्राचा नमुना. दुसरी, परदेशातील सत्रांचे शुल्क, निवास आणि विमा यांचा खर्च कोणी करायचा. तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, व्हिसा नाकारला गेला किंवा घरच्या अडचणीमुळे मुलीला जाता आले नाही, तर तिचे शिक्षण येथे कोणत्या मार्गाने पूर्ण होईल. अशा विद्यार्थ्यांसाठी पर्यायी मार्ग ठेवण्याची अपेक्षा नियमांतच आहे. या प्रश्नावर संस्थेने टाळाटाळ केली, तर मी माझ्या मुलीला तेथे पाठवले नसते.

परदेशात जाऊन तेथलीच पूर्ण पदवी घेतली आणि पुढे भारतात शिकायचे किंवा नोकरी करायची असली, तर समकक्षतेचा, म्हणजे ती पदवी भारतीय पदवीच्या तोडीची मानली जाण्याचा, प्रश्न येतो. त्यासाठी आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले असून अर्ज ऑनलाइन करायचा असतो. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुकला यांचा निर्णय मात्र त्या त्या परिषदेकडे राहतो.

प्रश्न : नवी मुंबईत परदेशी विद्यापीठे येत आहेत. मग आपली विद्यापीठे मागे पडणार नाहीत का? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : जून २०२५ मध्ये अॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची इस्तितुतो युरोपेओ दि डिझाइन या पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबई परिसरात शिक्षणसंकुले उघडण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्याआधी गुजरातच्या ‘गिफ्ट सिटी’त डीकिन आणि वोलोंगाँग या ऑस्ट्रेलियन विद्यापीठांनी काम सुरू केले होते, आणि गुरुग्रामला ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचे वर्ग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी अशा परदेशी संस्थांना प्रवेशाचे निकष आणि शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली आहे. उलट दिशेनेही वाटचाल सुरू आहे. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये अबू धाबीला आपले संकुल सुरू केले.

माझी काळजी तुमच्याहून थोडी वेगळी आहे. बाहेरून येणाऱ्या संस्था जास्त शुल्क देऊ शकणारे विद्यार्थी जेथे मिळतात, तेच विषय आणतील, म्हणजे संगणक, व्यवस्थापन, वित्त. मोडी कागदपत्रे, दख्खनची पुरातत्त्वीय उत्खनने, कोकणातली मासेमारी, ऊसतोड कामगारांची स्थलांतरे हे विषय त्या शिकवणार नाहीत. ते आपल्याच विद्यापीठांनी इतक्या चांगल्या दर्जाने शिकवायला हवेत की, त्यांच्यासाठी परदेशातून विद्यार्थी आपल्याकडे यावेत. आज तसे घडत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात १७० देशांतील ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांपैकी सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते. त्याच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा : २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. हे अंतर इमारती बांधून कमी होणार नाही. वेळेवर लागणारे निकाल, पत्राला आठवड्याच्या आत उत्तर देणारे कार्यालय, रात्री आजारी पडलेल्या परदेशी विद्यार्थ्याला दवाखान्यात नेणारा वसतिगृहप्रमुख आणि भरलेली अध्यापकपदे यांवर ते अवलंबून आहे. रिक्त पदे ठेवून कोणतेही विद्यापीठ जगाला काही शिकवू शकत नाही, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

प्रश्न : पुण्यातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर केनियाचा एक विद्यार्थी भाड्याने राहू इच्छितो. मुलगा चांगला वाटतो, पण कायद्याच्या कटकटींना आम्ही बिचकतो. काय करावे लागेल? (एक ज्येष्ठ दांपत्य, पुणे)

उत्तर : बिचकण्यासारखे काही नाही. परदेशी व्यक्तीला निवास देणाऱ्याने, मग ते हॉटेल असो वा खासगी घर, ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत विहित नमुन्यातील (पूर्वीचा ‘सी’ नमुना) माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे एफआरआरओच्या संकेतस्थळावर भरायची असते. त्यासाठी त्याच्या पारपत्राची व व्हिसाची प्रत आणि छायाचित्र लागते. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला भारतात आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि ती त्याची व त्याच्या संस्थेची जबाबदारी आहे. तो नोंदणीसाठी तुमच्याकडे पत्त्याचा पुरावा मागेल, म्हणून भाडेकरार नोंदणीकृत करा, आणि इतर कोणत्याही भाडेकरूप्रमाणे त्याची माहिती पोलिसांकडे द्या.

आपल्या पत्राच्या शेवटी, शेजारी काय म्हणतील, असे एक वाक्य आहे, त्याबद्दल थोडे लिहितो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे काम पाहणारे शां. ब. मुजुमदार यांनी एकदा एका मुलीला मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून काही तरी आत देताना पाहिले. चौकशी केली तेव्हा कळले की, आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता, त्याची देखभाल करणारे कोणी नव्हते, आणि ती मुलगी त्याला जेवण पोहोचवीत होती. परदेशी विद्यार्थ्यांच्या या एकटेपणाचा विचार करूनच त्यांनी १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ची स्थापना केली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

तुमच्याकडे येणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांचा पत्ता आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्या, स्वयंपाकाला गॅसची शेगडी मिळेल की बाहेर जेवावे लागेल ते आधीच ठरवा, आणि एफआरआरओच्या संकेतस्थळावर माहिती भरल्याची पोच छापून भाडेकराराबरोबर ठेवा.